तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा

शिंपी म्हटला की तो वायदा करणार आणि वायदा म्हटला की तो मोडणार, अशी जगाची समजूत आहे आणि ती काही अगदीच चुकीची नाही. गिऱ्हाईक कापड टाकतं, माप देतं, दारापर्यंत जातं आणि तिथून वळून विचारतं, "कधी?" मग शिंप्यानं पापणीही न लववता "शुक्रवारी" म्हणायचं, आणि शुक्रवारी तितक्याच शांतपणे "सोमवारी" म्हणायचं. धंदाच तसा आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानातले मास्तर कधी वायदा मोडत नसत, कारण ते वायदा करतच नसत. कुणी "कधी?" विचारलं की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "झालं की झालं." पुन्हा विचारलं तर तेही नाही. तोंडात टाचण्या धरून गप्प बसत.

यामागे एक जुनी गोष्ट होती. त्यांचे वडील, म्हणजे थोरले मास्तर, हाताचे मोठे कसबी आणि जिभेचे फार सैल. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. एका नवरदेवाला त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशीचा वायदा केला, आणि आदल्या दिवशी "उद्या सकाळी नक्की" म्हणाले. सकाळी नवरदेव दुकानात येऊन उभा राहिला तेव्हा कोटाला एकच बाही होती आणि थोरले मास्तर कापड बेतायच्या टेबलाखाली बसले होते. "बाबा बाहेर गेलेत," असं सांगायला त्यांनी मुलाला पुढं केलं होतं. नवरदेव ओरडला नाही, भांडला नाही. त्या एका बाहीकडे बघत उभा राहिला आणि रडायला लागला. मुलानं त्या दिवशी कानाला खडा लावला तो लावलाच. पुढं तो स्वतः मास्तर झाला, केस पांढरे झाले, तरी करीन, देईन, होईल हे शब्द त्यानं तोंडातून जाऊ दिले नाहीत. फार झालं तर "पुढं बघू."

आता अशा माणसाचं दुकान चालावं कसं? ते चालायचं वहिनींवर. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. लहानथोर सगळं गिऱ्हाईक त्यांना वहिनीच म्हणायचं. काज-बटण आणि हातशिलाई त्यांच्याकडे, म्हणून त्यांची बसायची जागा दाराशी, उजेडाला. मास्तरांचं "झालं की झालं" ऐकून गिऱ्हाईक तोंड पाडून निघालं की वहिनी दाताखाली दोरा तोडता तोडता हळूच म्हणत, "मंगळवारी या." मग सोमवारपासून मास्तरांच्या मागं भुणभुण. "अहो, ती काळी पँट नुसती धूळ खातेय." "अहो, त्या काळ्या पँटला हात लागला का आज?" मंगळवारी पँट इस्त्री होऊन हँगरला. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण ते ठाऊक नसल्यासारखं करत, आणि वहिनी त्यांना ठाऊक नाही असं समजत. त्यांचा नेम शाबूत, गिऱ्हाईकही शाबूत. एकानं शब्द द्यायचा आणि दुसऱ्यानं तो पाळायचा, असा त्यांचा संसार होता.

दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली आणि पडद्यामागं राहायच्या दोन. पुढच्या खोलीत बेतायचं मोठं टेबल, खिडकीशी पायाचं मशीन, भिंतीला एक उंच आरसा. त्या आरशात माणूस आहे त्यापेक्षा थोडा बारीक दिसायचा. मास्तरांनी तो कधी बदलला नाही. टेबलावर खडूचे तुकडे, टेप, जड कातर, आणि चिंध्यांच्या पेटीत नेहमी बेकरीवाल्याचं मांजर. बेकरी शेजारीच. त्यामुळे सकाळी पावाचा वास आणि दुपारी इस्त्रीची वाफ, असा त्या दुकानाचा दिवस असायचा. छत लाकडी फळ्यांचं होतं, आणि खरी गंमत त्या छताच्या वर होती.

वर एक बाई राहायच्या. त्या संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग घ्यायच्या. कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलं वाजायला लागत. जहाजावर नोकरी मिळवू बघणारे, परदेशी लग्न ठरलेली एखादी मुलगी, दोन-तीन नर्सा, आणि घरात करमत नाही म्हणून आलेले एक निवृत्त पोस्टमास्तर. मग खुर्च्या सरकत आणि सगळे मिळून एका सुरात सुरू होत:

"तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा! तेंद्रेमोस, तेंद्रेइस, तेंद्रान!"

छताच्या फटीतून बारीक धूळ इस्त्रीच्या शर्टावर पडायची. मास्तर वैतागायचे. वहिनींना मात्र मौज वाटायची. "एवढी मोठमोठी माणसं आणि पाढे म्हणतात," त्या म्हणायच्या. "आणि तेही रोज एकच. यांचा दुसरा पाढा कधी येणार?" हळूहळू तो पाढा त्यांच्या हातात उतरला. तुरपाई करताना एका शब्दाला एक टाका पडायला लागला, आणि ओळ संपली की एक उलटा टाका, पक्का. मास्तरांच्या पायालाही तीच चाल लागली. दुकानातली कुठलीही पँट उलटी करून बघितली असती तर तिच्या मोहरीला सहा टाके आणि एक उलटा, सहा टाके आणि एक उलटा, अशी ओळच्या ओळ दिसली असती. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही या दुकानाची खासियत. होतीच ती.

एका संध्याकाळी वर कुणीतरी नवा आला आणि सगळ्यांच्या सुरात मधेच मोठ्यानं "तेनेरे!" म्हणाला. वहिनींच्या टाक्याची लय चुकली आणि सुई बोटात गेली. त्यांनी सरळ मास्तरांचा कापड मोजायचा गज उचलला, खुर्चीवर चढल्या आणि छताला ठोकला. वर एकदम शांतता. पाच मिनिटांत वरच्या बाई धावत खाली. उंच, सडपातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, चेहरा पडलेला.

"माफ करा हं, फार आवाज होतो का आमचा?"

"आवाजाचं काही नाही हो," वहिनी बोट चोखत म्हणाल्या. "तो चुकला."

बाई बघतच राहिल्या. मग तिथंच चिंध्यांच्या पेटीवर, मांजराला बाजूला सारून बसल्या आणि इतक्या हसल्या की वरचा वर्ग जिन्यात येऊन उभा राहिला. त्या दिवशी वहिनींना कळलं की हा पाढा नव्हे. तेनेर म्हणजे जवळ असणं. तेंद्रे म्हणजे माझ्याजवळ असेल. तेंद्रास म्हणजे तुझ्याजवळ असेल. तेंद्रा, त्याच्याजवळ किंवा तिच्याजवळ. तेंद्रेमोस, आपल्याजवळ. मग तुमच्याजवळ, मग त्यांच्याजवळ. सगळं पुढचं, अजून यायचं असलेलं.

"मग तो तेनेरे म्हणाला ते काय चुकलं?" वहिनींनी विचारलं. "तेनेर, तेनेरे. बरोबरच की."

"नियमानं तसंच व्हायला हवं," बाई म्हणाल्या. "पण हे क्रियापद वाकडं आहे. लोकांनी रोज वापरून वापरून मधला भाग झिजला, आणि तिथं एक द येऊन बसला."

"म्हणजे पँटच्या गुडघ्यासारखं," वहिनी म्हणाल्या. "झिजलं, की ठिगळ लावलं."

बाईंनी ते पुढं कित्येक वर्षं वर्गात तसंच शिकवलं म्हणतात. पण वहिनींना आणखी एक शंका होती. त्या जरा लाजल्या आणि मास्तरांकडे पाठ करून, हळूच म्हणाल्या, "पण तेंद्रास म्हणजे तुझ्याजवळ, तर मग नवऱ्याला काय म्हणायचं? यांना तू कसं म्हणू?"

"त्या भाषेत नवऱ्याला तूच म्हणतात," बाई म्हणाल्या.

वहिनींचा चेहरा असा उजळला की मास्तरांनी उगीचच कातरीला तेल घालायला घेतलं. लग्न झाल्यापासून अहो-जाहो करत आलेल्या बाईला एक शब्द असा मिळाला होता, की चारचौघांत नवऱ्याला तू म्हणा आणि कुणाला पत्ता लागणार नाही. त्या संध्याकाळपासून त्यांनी तो शब्द इतका वापरला की आणखी थोडा वापरला असता तर तोही झिजला असता.

आणि तिथून तो खेळ सुरू झाला. "तेंद्रे काय, ते पुढं आपण जोडायचं," असं बाई सांगून गेल्या होत्या. वहिनी जोडायला बसल्या. संध्याकाळी वर ओळ सुरू झाली की त्या खाली टाका घालत म्हणायच्या, "तेंद्रे. माझ्याजवळ असेल, पाठ टेकायची खुर्ची." आणि मास्तरांकडे बघायच्या. खेळाचा नियमच असा होता की बायकोनं तेंद्रे म्हटलं की नवऱ्यानं तेंद्रास म्हणायचं. हो गं, असेल तुझ्याजवळ. एवढंच. पण मास्तर म्हणजे मास्तर. ते मशीनवरची मान न उचलता म्हणायचे, "पुढं बघू."

"बघा बरं, बघा," म्हणत वहिनी त्यांचं म्हणणंही स्वतःच म्हणून टाकायच्या. "तेंद्रास. तुझ्याजवळ असेल नवा चष्मा, म्हणजे काळ्या कापडाला निळा दोरा लागणार नाही." मग पुढं. "तेंद्रा. तिच्याजवळ असतील दोन रिबिनी." या 'ती'चा तेव्हा अजून जन्मही व्हायचा होता, पण वहिनींनी मुलगीच धरली होती. "तेंद्रेमोस. आपल्याजवळ असेल मोठी खिडकी." आणि शेवटचा तेंद्रान नेहमी बेकरीवाल्यासाठी आणि त्याच्या बायकोसाठी राखलेला. "त्यांच्याजवळ असेल थोडी अक्कल, आणि ते आपलं मांजर आपल्या घरी ठेवतील."

मुलगी झाली. रिबिनी आल्या. खुर्चीही आली; मास्तरांनी एक दिवस गुपचूप आणून ठेवली आणि "तिथं पडली होती" असं काहीतरी म्हणाले. तोंडानं द्यायचं नाही आणि हातानं आणायचं, ही त्यांची तऱ्हा. खिडकी मोठी झाली नाही. बेकरीवाल्याला अक्कल आली नाही. लेक त्याच ओळीवर पाळण्यात झोपली, त्याच ओळीवर टेबलाखाली चिंध्यांची बाहुली करायला शिकली, आणि शाळेत बाईंनी पाढे म्हणायला सांगितले तेव्हा उभी राहून खणखणीत आवाजात तेंद्रे, तेंद्रास म्हणाली. घरी बोलावणं आलं. वहिनी शाळेत जाऊन आल्या आणि दोन दिवस हसत होत्या.

एका गोष्टीत मात्र मास्तरांचा हात अडला. बाजारातलं एक जुनं कापडाचं दुकान बंद होत होतं, तिथून वहिनींनी स्वतःसाठी लोकरीचं कापड आणलं. गर्द हिरवं, जड, बोटं फिरवली की ऊब लागावी असं. थंडीत त्या दाराशी बसायच्या. सतरांदा दार उघडायचं. "तेंद्रे," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ असेल कोट." मास्तरांनी कापड हातात घेतलं, उजेडात धरलं, जीव लावून बघितलं आणि म्हणाले, "पुढं बघू." त्या थंडीत गिऱ्हाइकांचे कोट होते. पुढच्या थंडीतही होते. आपल्या माणसाचं काम मागं टाकता येतं, आपलं माणूस दारातून वळून "कधी?" विचारत नाही. कापड डांबराच्या गोळ्या घालून वरच्या फळीवर गेलं. वहिनी दर थंडीत एकदा म्हणायच्या, "तेंद्रे, कोट." पुढं म्हणेनाशा झाल्या. कधीपासून, ते मास्तरांच्या लक्षातच आलं नाही.

दिवस जातात म्हणतात, पण ते जाताना काही दिसत नाहीत. मागं वळून बघितलं की खोली रिकामी दिसते एवढंच. वरच्या बाई बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी वहिनींना मिठी मारली आणि सगळ्या वर्गात तुमचाच उच्चार चांगला होता, असं सांगितलं. वर एक भांडखोर कुटुंब आलं, कोण जास्त मोठ्यानं बोलतं याचीच त्यांच्यात चढाओढ. पण एका सुरात कुणी काही म्हणेना. पायाच्या मशीनवर चादर पडली आणि विजेचं मशीन आलं. ते घर्र करून एका दमात सगळी शिवण मारायचं, त्याला चाल नव्हती. लेक शिकली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, तिथं औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. खेळ कुणी बंद केला नाही. तो आपोआप मंदावला आणि थांबला. वहिनींच्या हातशिलाईत मात्र सहा टाके आणि एक उलटा तसाच राहिला, आणि दारातून "मंगळवारी या"ही तसंच.

मग एका सकाळी शर्टाला बटण लावता लावता वहिनींच्या हातातून सुई गळाली. त्यांनी ती उचलायला हात पुढं केला तो गेलाच नाही. "अहो" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसताच श्वास आला.

दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात निकामी होता आणि वाचा गेलेली. समजत सगळं होतं. डोळे तेच होते, तसेच मिश्कील, तसेच रागीट. फक्त शब्द नव्हता. लेक रजा काढून आली. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीवाल्या ताई यायच्या, तरुण, हसऱ्या, फार माया करणाऱ्या. त्यांनी मास्तरांना समजावलं, "आजोबा, शब्द पुसले गेलेले नाहीत. वाट बंद झालीय. कधी कधी जे रोज म्हटलेलं असतं, पाठ असतं, ते दुसऱ्याच वाटेनं बाहेर येतं. आकडे, वार, गाणी, काहीही." मग एक, दोन, तीन झालं. सोमवार, मंगळवार झालं. वहिनी ओठ हलवायच्या, घामाघूम व्हायच्या, आणि मान वळवायच्या.

मास्तर सगळं शिकले. भात शिजवायला शिकले, वेणी घालायला शिकले, वेणी तर अशी घट्ट आणि सरळ की लेक म्हणाली, "बाबा, ही काय शिवण मारलीय?" सेवा करायचा त्यांना कंटाळा नव्हता. पण घरातली ती शांतता त्यांच्या जिवाला खायची. लेकीजवळ ते एकदाच बोलले.

"हात नाही चालला तर चालेल गं. तिनं नुसतं मला एकदा रागावावं. काहीही बोलावं. आवाज ऐकायचाय मला तिचा."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

"पुढं बघू," मास्तर म्हणाले, आणि लेकीनं कपाळाला हात लावला.

दुकान तर बसलंच होतं. गिऱ्हाईक यायचं, "कधी?" विचारायचं, "झालं की झालं" ऐकायचं आणि दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत निघून जायचं. मंगळवारी या म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मंगळवारी काही तयारही नसायचं. आपण आजवर कुणाच्या शब्दावर काम करत होतो ते मास्तरांना तेव्हा नीट कळलं. लेक परत गेल्यावर त्यांनी बेकरीवाल्याच्या मदतीनं वहिनींचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला. विजेच्या मशीनची घरघर सुरू झाली की वहिनी डोळे घट्ट मिटून घ्यायच्या, म्हणून जुन्या पायाच्या मशीनवरची चादर काढली, तेल दिलं, पट्टा बदलला.

एका दुपारी मास्तर पलंगाशेजारी बसून एका पँटच्या मोहरीला तुरपाई करत होते. ते काम वहिनींचं. त्यांच्या हाताला त्याची सवय नव्हती. टाके वेडेवाकडे पडत होते, मग त्यांनी तिच्यासारखं करून बघितलं. ओठातल्या ओठात पुटपुटत, एका शब्दाला एक टाका. "तेंद्रे," ते पुटपुटले आणि सुई घातली. दोरा गुंतला. सोडवत बसले.

"तेंद्रास," पलंगावरून आवाज आला.

जाडसर, घासलेला, पण तिचा आवाज. मास्तरांच्या हातातली पँट खाली पडली. "तेंद्रा," वहिनी म्हणाल्या, स्वतःच दचकून, डोळे मोठे करून. "तेंद्रेमोस. तेंद्रेइस. तेंद्रान." सगळी ओळ, एका दमात, कुठं न अडखळता. मास्तर तसेच उठले आणि अनवाणी बेकरीत गेले. "बोलली!" ते ओरडले.

"देवा! काय म्हणाल्या वहिनी?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"तेंद्रास!"

बेकरीवाल्यानं हातातला ट्रे खाली ठेवला, मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपल्या बायकोला हळूच म्हणाला, "आता हेही गेले."

थेरपीवाल्या ताईंनी ऐकलं तेव्हा त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "वाट सापडली, आजोबा. आता या ओळीला आजींचा स्वतःचा एक शब्द जोडला गेला पाहिजे. तुम्ही सुरुवात करा आणि थांबा. घाई नको." मास्तरांनी सुरुवात केली आणि थांबले. "तेंद्रे, खुर्ची?" वहिनी म्हणाल्या, "तेंद्रास, तेंद्रा." "तेंद्रे, खिडकी?" वहिनी म्हणाल्या, "तेंद्रास, तेंद्रा." ओळ पाण्यासारखी यायची आणि शेवटाला तशीच आटायची. दिवसांमागून दिवस. मास्तरांची आशा पुन्हा बारीक होत चालली.

एका सकाळी हवेत गारठा होता. दार उघडून गिऱ्हाईक आत आलं, तसा वारा थेट पलंगापर्यंत आला. गिऱ्हाइकाचं माप झालं, टेप मास्तरांच्या गळ्यात गेला. दारातून वळून त्यानं विचारलं, "कधी?" मास्तर म्हणाले, "झालं की झालं." तो गेला. वहिनींनी डाव्या हातानं शाल गळ्यापर्यंत ओढली आणि कुणी सुरुवात करून न देता, आपणहून म्हणाल्या, "तेंद्रे."

आणि थांबल्या. तेंद्रास आलं नाही. पुढचं काहीच आलं नाही. त्या मास्तरांकडे बघत होत्या. मग त्यांची नजर वर गेली, वरच्या फळीवर, आणि पुन्हा खाली मास्तरांवर.

मास्तर तिकडे बघून म्हणाले, "पुढं बघू." सवयीनंच गेलं ते तोंडातून. वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मास्तर उभेच राहिले. इतकी वर्षं ती पहिला शब्द म्हणत होती आणि दुसऱ्याची वाट बघत होती. तो आला नाही की हसून स्वतःच म्हणून टाकत होती. टाकत होती म्हणून आपल्याला कधी बोचलं नाही. एका परक्या नवरदेवाच्या एका बाहीसाठी आपण घरच्या माणसाला जन्मभर शब्द दिला नाही, हे त्यांना त्या पलंगाजवळ लख्ख दिसलं, आणि त्यांना स्वतःचा मनापासून राग आला. त्यांनी स्टूल ओढलं. गुडघे कुरकुरले तरी चढले. कागदाचं गाठोडं खाली काढलं, डांबराच्या गोळ्या टेबलावर घरंगळल्या. कापड तसंच होतं, गर्द हिरवं, जड. त्यांनी ते वहिनींच्या अंगावर पसरलं.

"तेंद्रास," मास्तर म्हणाले. हा शब्द टाक्यासाठी त्यांनी पुटपुटला असेल, पण बायकोला उद्देशून आयुष्यात पहिल्यांदा म्हटला. "तेंद्रास. ऐकलंस का? तुझ्याजवळ असेल. कोट. तुझा कोट."

वहिनींनी तोंड वळवलं. डाव्या हाताची बोटं कापडावरून फिरवली, उलट सुलट, शिवणकामातल्या जाणत्या बाईसारखी. मग मास्तरांकडे बघितलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळाची शीर ताठ झाली. मास्तरांना मदत करावीशी वाटली, पण ताईंनी सांगितलं होतं, घाई नको. ते थांबले.

"क," वहिनी म्हणाल्या. "क... कधी?"

मास्तरांचं तोंड उघडलं. "झालं की" एवढं जिभेवर आलंसुद्धा. ते त्यांनी गिळलं.

"गुरुवारी," ते म्हणाले. मग डोळे पुसून, चष्मा पुन्हा लावून, जरा मोठ्यानं म्हणाले, "गुरुवारी म्हणजे गुरुवारी. दोन्ही बाह्यांसकट."

आणि ते घाईघाईनं टेप शोधायला लागले. टेबलावर बघितला, मशीनखाली बघितला, बेकरीच्या आताच्या मांजराला उठवून चिंध्यांच्या पेटीत बघितला. शेवटी वहिनींनी डावा हात उचलून त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं.